‘मोशन झालं का?’ : मूव्ह, मूव्हमेंट आणि मोशन या शब्दांविषयी

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमके कशाचे उत्तर देत आहे ते स्पष्ट राहील. तुम्ही गडचिरोली जिल्ह्यातील एका गावातून येऊन जीएनएमच्या (नर्सिंगच्या पदविकेच्या) पहिल्या वर्षाला शिकत आहात. शाळेत तुम्ही ‘मूव्हमेंट’ म्हणजे चळवळ असे पाठ केले होते. वॉर्डात मात्र सिस्टर गरोदर बाईला ‘बाळाची मूव्हमेंट आहे का’ असे विचारतात, पलीकडच्या खाटेवरील म्हाताऱ्या गृहस्थांना ‘मोशन झालं का’ असे विचारतात, फिजिओथेरपीचे डॉक्टर गुडघ्याच्या ‘रेंज ऑफ मोशन’विषयी बोलतात, आणि सुट्टीत गावी गेल्यावर वनरक्षक बजावतो की नाल्याकडे जाऊ नका, तिकडे वाघाची मूव्हमेंट आहे. मग या शब्दांचा खरा अर्थ कोणता आणि कोठे कोणता शब्द वापरायचा, असे तुम्ही विचारले आहे.

मी एका तालुक्याच्या गावी 27 वर्षे हायस्कुलात इंग्रजी शिकवले आणि निवृत्तीनंतर नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना संभाषणाचे इंग्रजी शिकवतो. वैद्यकातले जे पुढे येईल ते मी वॉर्डातील सिस्टर आणि डॉक्टर यांच्याजवळ बसून, त्यांना विचारून शिकलेलो आहे. या अनुभवावरून सांगतो की तुमची अडचण केवळ शब्दार्थाची नाही. शब्दार्थ कोणत्याही शब्दकोशात सापडतो. अडचण अशी आहे की एकच इंग्रजी शब्द तुम्हाला तीन ठिकाणी वापरावा लागतो : डॉक्टरांशी बोलताना, केस पेपरवर नोंद करताना आणि रुग्णाला विचारताना. पहिल्या दोन ठिकाणी तो एका अर्थाने चालतो, तिसऱ्या ठिकाणी त्याचा अर्थ आपल्या गावांमध्ये बदलून गेलेला आहे, आणि हा बदल कोणी शिकवत नाही.

आधी मुळाकडे पाहू. लॅटिन भाषेत ‘मोव्हेरे’ म्हणजे हलवणे. त्यातून मूव्ह, मूव्हमेंट आणि मोशन आले, तसेच विहिरीवरची मोटर, हातातला मोबाईल, टीव्हीचा रिमोट, गुरुजींचे प्रमोशन आणि मनातले इमोशन हेही त्याच घराण्यातले आहेत. वर्गात हे सांगितले की मुले हसतात, परंतु ‘मोटर चालू कर’ असे रोज म्हणणाऱ्या मुलाला मोशनचा अर्थ त्यानंतर वेगळा सांगावा लागत नाही.

आता मूव्हमेंट आणि मोशन यांतला फरक. मूव्हमेंट म्हणजे कोणीतरी किंवा कशाने तरी केलेली एखादी हालचाल : हात वर गेला, मान वळली, बाळाने लाथ मारली. ती मोजता येते, म्हणून तिचे अनेकवचनही होते. मोशन म्हणजे गती, हलते असण्याची अवस्था. न्यूटनने 1687 साली मांडलेले नियम ‘लॉज ऑफ मोशन’ आहेत, आणि मराठी पाठ्यपुस्तकातही ते गतीचे नियम आहेत, हालचालीचे नव्हेत. म्हणून मी मुलांना एक साधी कसोटी देतो : वाक्यात ‘हालचाल’ बसत असेल तर बहुधा मूव्हमेंट, ‘गती’ बसत असेल तर बहुधा मोशन. येथे ‘बहुधा’ हा शब्द मी जाणीवपूर्वक लिहिला आहे. सांध्याच्या बाबतीत रेंज ऑफ मोशन आणि रेंज ऑफ मूव्हमेंट असे दोन्ही म्हणतात, आणि दोन्हींचा अर्थ एकच असतो : तो सांधा कोठपासून कोठपर्यंत फिरतो. निरोगी गुडघा सुमारे 135 अंशांपर्यंत वाकतो. पलिस्तर काढल्यावर तो 60 अंशांवरच अडला, तर रेंज कमी झाली असे लिहितात.

‘हालचाल’ हा आपला मराठी शब्दही मूव्हमेंटइतकाच लांबवर पोचलेला आहे, आणि त्याची आठवण ठेवली तर इंग्रजी शब्दाचे निम्मे कोडे सुटते. रुग्णाची हालचाल, सैन्याची हालचाल, संशयास्पद हालचाली, मुंबईत सुरू झालेल्या राजकीय हालचाली, हे सर्व आपण विनासायास बोलतो. शाळेत आमच्या टेबलावर एक ‘हालचाल नोंदवही’ असे. मुख्याध्यापक पंचायत समितीच्या बैठकीला गेले की त्यात वेळ, ठिकाण आणि कारण लिहून सही करत. तिलाच मूव्हमेंट रजिस्टर म्हणतात. एका नव्या शिक्षकाने ते नाव वाचून मला विचारले होते की हे व्यायामाचे रजिस्टर आहे का. त्यांचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता.

वाघाची मूव्हमेंटही याच जातीची आहे. तेथे वाघाने पाय हलवला असा अर्थ नसून तो त्या भागात येत-जात आहे, पगमार्क म्हणजे पावलांचे ठसे दिसले आहेत, असा अर्थ आहे. याला प्रमाण मराठीत ‘वावर’ असा नेमका शब्द आहे. पण आपल्याकडे वावर म्हणजे शेत. ‘या भागात वाघाचा वावर आहे’ अशी पाटी वाचून एका मुलाने मला वर्गात गंभीरपणे विचारले होते, ‘सर, वाघाचं कोणतं वावर?’ ताडोबाच्या आजूबाजूच्या गावांमध्ये शाळेची पायरी न चढलेली माणसेही मूव्हमेंट हा शब्द सहज वापरतात. माझा समज असा आहे की त्याचे एक कारण हेच असावे : प्रमाण शब्दाची जागा आपल्या बोलीत आधीच दुसऱ्या अर्थाने अडवलेली आहे. इंग्रजी शब्द म्हटला की तो अशुद्ध, असे मी पूर्वी मानत असे. आता मानत नाही.

आता सर्वांत महत्त्वाच्या जागी येतो. दवाखान्यातील मोशन म्हणजे शौच. शौचाला होण्यालाच इंग्रजीत बॉवेल मूव्हमेंट म्हणतात, ‘बॉवेल’ म्हणजे आतडे, आणि जे बाहेर पडते त्यालाही मोशन असे नाव पडले. येथपर्यंत सरळ आहे. परंतु आपल्या गावांमध्ये हा शब्द एकटा आला नाही, तो ‘लूज’ या शब्दाचे बोट धरून आला. मेडिकलच्या दुकानात ‘लूज मोशनची गोळी द्या’ असे लोक गेली कित्येक वर्षे म्हणत आहेत. पुढे त्यातला लूज गळून पडला आणि ‘त्याले मोशन लागले’ म्हणजे त्याला जुलाब लागले, असा अर्थ पक्का झाला. म्हणजे सिस्टर ‘मोशन झालं का’ असे विचारतात तेव्हा त्यांना विचारायचे असते की शौचाला झाली का, आणि रुग्णाला ऐकू येते ते असे, की जुलाब झाले का.

याची किंमत आमच्या घराने मोजली आहे. माझ्या 74 वर्षांच्या काकांची हर्नियाची शस्त्रक्रिया झाली होती. शस्त्रक्रियेनंतर आतड्यांचे काम पुन्हा सुरळीत सुरू झाले की नाही, आणि कुंथल्यामुळे टाक्यांवर ताण तर येत नाही ना, हे पाहायचे असते, म्हणून तेथे हा प्रश्न रोज विचारतात. रोज सकाळी एक मुलगी यायची, ‘बाबा, मोशन झालं का?’ असे विचारायची, आणि काका काहीशा अभिमानाने सांगायचे, ‘नाही बाई, मोशन-गिशन काही नाही.’ तिने प्रामाणिकपणे तसेच लिहिले. तिसऱ्या रात्री त्यांना पोट साफ होण्याचे औषध देण्यात आले, आणि चौथ्या दिवशी काकांना खरोखरच मोशन लागले. मी पोहोचलो तेव्हा ते गळून गेले होते. मी विचारले, ‘काका, तुम्ही संडासले गेलते का या दिवसांत?’ ते म्हणाले, ‘रोजच त जातो ना बाप्पा, पहाटेच.’ त्या मुलीचा मला राग आला नाही, कारण तिला इंग्रजी शिकवणारा माझ्यासारखाच कोणीतरी होता, आणि त्याने तिला मोशन म्हणजे शौच एवढेच शिकवले होते.

म्हणून रुग्णाला विचारताना मोशन हा शब्द पूर्णपणे टाळा. ‘आज संडासला जाऊन आलात का?’ असे विचारा. येथेही एक काळजी घ्यावी लागते, कारण ‘संडास लागली’ असे म्हटले की अनेक घरांत त्याचाही अर्थ जुलाबच होतो. ‘जाऊन आलात का’ या शब्दांत तो घोळ राहत नाही. पुढे दोन प्रश्न जोडा : किती वेळा, आणि पातळ की घट्ट. 24 तासांत 3 किंवा अधिक वेळा पातळ शौच झाली तर तिला अतिसार म्हणतात, ही जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या तुम्हाला पुढे शिकवतीलच, आणि ती लागू करायची तर आकडा तुमच्याजवळ हवा. उत्तर मिळाल्यावर नोंद मात्र इंग्रजीत, ठरलेल्या शब्दांत करा : ‘मोशन पास्ड वन्स, सेमी-सॉलिड’. पुढे परदेशी नोकरीचा विचार असेल तर एवढे लक्षात असू द्या की इंग्लंडच्या वॉर्डात याच नोंदीसाठी ‘बॉवेल्स ओपन्ड’ असे लिहितात.

याच घोळाचे दुसरे टोक ‘मोशन सिकनेस’मध्ये सापडते. मोशन सिकनेस म्हणजे गाडी लागणे. एसटीत बसून मूल समोरच्या सीटकडे पाहत असते, डोळे सांगतात की सर्व स्थिर आहे, आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण वळणावर हेलकावे खात आहोत. या दोन निरोपांचा मेळ बसत नाही म्हणून मळमळते. येथे मोशन पूर्णपणे गती या अर्थाने आहे. माझ्या एका विद्यार्थ्याने, जो दहावीत इंग्रजीत चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेला होता, घरातल्या जुन्या गोळ्यांच्या पट्टीवर मोशन हा शब्द वाचला आणि ती गोळी जुलाब लागलेल्या आईला दिली. आईचे जुलाब थांबले नाहीत, वर दिवसभर गुंगी आली, कारण गाडी लागण्याच्या कित्येक गोळ्या झोप आणणाऱ्या असतात. मुलाला इंग्रजी वाचता येत होते, हेच येथे नडले.

बाळाच्या हालचालीविषयी बोलताना मात्र मोशन कधीही म्हणू नका. तेथे फीटल मूव्हमेंट्स असाच शब्द आहे आणि तो अनेकवचनी आहे, कारण तेथे एकेक लाथ मोजायची असते. पहिलटकरणीला बाळाचे हलणे साधारणतः 18 ते 20 आठवड्यांच्या सुमारास जाणवू लागते, आधी बाळंतपण झालेल्या बाईला त्याहून थोडे लवकर. आपल्याकडे ‘बाळ फिरते का’ असे विचारण्याची पद्धत आहे. हा प्रश्न प्रेमळ आहे, पण दुहेरी आहे. शेवटच्या महिन्यांत ‘बाळ फिरलं’ म्हणजे डोके खाली आले, असाही अर्थ होतो, आणि एखादी बाई सोनोग्राफीत ऐकलेले आठवून ‘हो, फिरलं’ असे सांगून मोकळी होते. म्हणून ‘हलते का’ हा शब्द बरा. त्याहून बरे म्हणजे हो-नाही उत्तराचा प्रश्न न विचारता तुलना विचारणे : ‘परवापर्यंत जसं हलत होतं तसंच हलते, की कमी वाटते?’ कारण धोक्याची खूण हालचाल कमी होण्यात असते. शेवटच्या तिमाहीत आईने डाव्या कुशीवर शांत पडून मोजले आणि 2 तासांत 10 हालचालीही जाणवल्या नाहीत, तर सकाळची वाट न पाहता दवाखान्यात यावे असे सांगतात. ‘मूव्हमेंट आहे का’ या प्रश्नाला ‘आहे’ एवढे उत्तर घेऊन पुढच्या खाटेकडे गेलेल्या सिस्टरला यातले काहीच कळलेले नसते.

हातापायांच्या हालचालीत ‘मूव्ह’ हे क्रियापद त्रास देते, आणि हा त्रास मराठीच्या श्रीमंतीमुळे होतो. इंग्रजी मूव्हसाठी आपल्याकडे निदान दोन क्रियापदे आहेत. जागच्या जागी झाले तर हलणे, जागा बदलली तर सरकणे. डॉक्टर म्हणाले ‘डोन्ट मूव्ह द पेशंट’, तर त्याचा अर्थ त्याला दुसरीकडे नेऊ नका, की त्याचे अंग अजिबात हलू देऊ नका? हे परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि खात्री नसेल तेथे डॉक्टरांनाच विचारावे लागते. मणक्याला मार लागल्याचा संशय असेल तर मान आणि पाठ हलूच द्यायची नसते. साध्या बेड रेस्टमध्ये मात्र खाटेवरून उतरायचे नसते, पण पायाचे पंजे वरखाली करणे, कुशी बदलणे हे करायचेच असते, नाहीतर पाठीला जखमा होतात आणि पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याची भीती वाढते. ‘हलायचं नाही’ असे एकदा ऐकलेला आपला शेतकरी माणूस सहा दिवस लाकडासारखा पडून राहतो, कारण डॉक्टरांचा शब्द त्याला मोडायचा नसतो. त्याला ‘खाली उतरायचं नाही, पण पंजे हलवत राहायचं’ असे पूर्ण वाक्य सांगितले तर तो तेही तितक्याच निष्ठेने करतो. दुखण्यावर चोळायच्या ‘मूव्ह’ या मलमामुळेही एक गंमत होते. एका मुलीने लकवा मारलेल्या आजीला ‘आजी, पाय मूव्ह करा’ असे म्हटले, तर आजी म्हणाल्या, ‘मूव्ह त कालच लावली सुनेनं.’ त्या मलमाच्या नावात इंग्रजी ओ हे अक्षर दोनदा येते, क्रियापदात एकदाच, पण कानाला तो फरक कळत नाही.

लकव्याच्या रुग्णाची नोंद करताना मूव्हमेंट आहे किंवा नाही एवढेच लिहून भागत नाही. स्नायूंची ताकद 0 ते 5 अशी मोजतात. 0 म्हणजे काहीच नाही, 2 म्हणजे पाय गादीवर इकडून तिकडे सरकतो पण उचलता येत नाही, 3 म्हणजे स्वतःच्या वजनाविरुद्ध उचलता येतो, 5 म्हणजे पूर्ण. रुग्णाने स्वतः केली ती ॲक्टिव्ह मूव्हमेंट, आपण त्याचा हात धरून केली ती पॅसिव्ह. हा फरक लिहायचा राहिला तर दुसऱ्या पाळीच्या सिस्टरला वाटते की रुग्ण सुधारला.

दिशांच्या शब्दांपैकी एका जोडीबद्दल सावध करतो. हात शरीरापासून बाजूला नेणे म्हणजे ॲबडक्शन आणि शरीराकडे आणणे म्हणजे ॲडक्शन. ॲबडक्शनचा दुसरा अर्थ अपहरण आहे, आणि तो पोलिसांच्या कागदात भेटतो. ॲबडक्शनच्या या दोन्ही अर्थांचे मूळ एकच, ‘दूर नेणे’. आमच्या वर्गात ‘हात पळवून नेला तो ॲबडक्शन’ असे म्हणतात आणि मग ते कोणी विसरत नाही. बोलताना मात्र हे दोन शब्द कानाला इतके सारखे लागतात की जाणते शिक्षक पहिली अक्षरे सुटी करून ‘ए-बी-डक्शन’ आणि ‘ए-डी-डक्शन’ असे म्हणतात. तुम्हीही तसेच म्हणा, त्यात कमीपणा नाही.

दवाखान्याबाहेरचे अर्थ थोडक्यात सांगतो, कारण तुमचे काम त्यांवाचून अडणार नाही. सभागृहातील मोशन म्हणजे प्रस्ताव. हिवाळी अधिवेशन नागपूरला भरले की वर्तमानपत्रांत जो अविश्वास प्रस्ताव किंवा स्थगन प्रस्ताव वाचायला मिळतो, तो इंग्रजीत मोशन असतो, आणि ग्रामपंचायतीत सरपंचावर येणारा अविश्वास ठराव त्याचाच धाकटा भाऊ. स्लो मोशनमध्ये सेकंदाला नेहमीपेक्षा जास्त चित्रे टिपून ती नेहमीच्या वेगाने दाखवतात. ‘ही मोशन्ड मी टू सिट’ म्हणजे त्याने हाताने खुणावून मला बसायला सांगितले. ‘गोइंग थ्रू द मोशन्स’ म्हणजे मन नसताना नुसते उरकणे. आणि तुम्ही पाठ केलेला चळवळ हा अर्थ मुळीच चुकीचा नाही : 1942 च्या ‘क्विट इंडिया मूव्हमेंट’मध्ये आपल्या चिमूर आणि आष्टीच्या लोकांनी काय केले ते तुम्ही इतिहासात वाचलेच असेल. मराठीतही एका जागी न बसणाऱ्या पोराला आणि मोर्चे काढणाऱ्या कार्यकर्त्याला आपण एकाच शब्दाने चळवळ्या म्हणतो. शरीर हलण्यापासून समाज हलण्यापर्यंतचा प्रवास दोन्ही भाषांनी आपापल्या वाटेने केलेला आहे.

शेवटी तुमच्या जिल्ह्यापुरती एक गोष्ट राहिली. मी वर सुचवलेले सर्व पर्याय मराठी बोलणाऱ्या रुग्णासाठी आहेत. धानोरा, एटापल्ली किंवा भामरागड या भागांतून आलेल्या आणि घरी गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या आजींना ‘संडास’ हाही दवाखान्याचाच शब्द वाटू शकतो, आणि त्या संकोचाने नुसती मान हलवतील. त्या मान हलवण्याला ‘हो’ समजून नोंद करू नका. सोबत आलेल्या आशाताईंना किंवा आजींच्या नातीला बाजूला घेऊन हा प्रश्न त्यांच्या घरात कोणत्या शब्दांत विचारतात ते विचारा, खिशातल्या डायरीत मोशन या शब्दासमोर तो देवनागरीत लिहून घ्या, आणि नातीसमोर दोनदा म्हणून पाहा. तुमचा उच्चार ऐकून ती हसली तर हसू द्या, आणि तो दुरुस्त करून घेऊन मगच आजींच्या खाटेजवळ जा.